नडगीतला रॉड आणि हेरमान मायर

ऑस्ट्रियाचा स्कीइंगपटू हेरमान मायर याची गोष्ट सांगणारे बहुतेक जण 1998 च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमध्ये तो पडला तिथपासून सुरुवात करतात. मी त्याच्या गुडघ्यांपासून करते. परळच्या एका हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि कुठल्याही खेळाडूकडे बघताना माझी नजर आधी त्याच्या पायांकडे जाते, मग पदकांकडे.

मायर ऑस्ट्रियातल्या फ्लाखाऊ गावचा. साल्झबुर्ग प्रांतातलं डोंगरांमधलं गाव, वडिलांची तिथे स्कीइंगची शाळा. जन्म डिसेंबर 1972 चा. चालायला शिकला तसा बर्फावर घसरायलाही शिकला. पंधराव्या वर्षी श्लाडमिंगच्या स्की अकादमीतून त्याला घरी पाठवलं. अंगाने अगदीच लहानखुरा, त्यात वाढत्या वयातली गुडघेदुखी. हे दुखणं मला रोज भेटतं. शिवाजी पार्कवर फुटबॉल खेळणारी, शाळेच्या कबड्डी संघातली तेरा-चौदा वर्षांची मुलं वाटीखालच्या हाडावर बोट ठेवून "इथेच दुखतं" म्हणत येतात. हाडं भराभर वाढत असतात, स्नायूंना तो वेग झेपत नाही आणि जिथे स्नायूची दोरी हाडाला धरते तिथे ओढ बसते. वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचं दुखणं आपोआप जातं. पण अकादमीत जागा मोजक्या असतात आणि निवड त्याच वर्षी करायची असते. दहावीच्या आसपासच "याच्यात काही दम नाही" असा शिक्का मारून घरी पाठवलेली मुलं आपल्याकडेही कमी नाहीत.

घरी आलेला मुलगा गवंडी झाला. रीतसर शिकून झाला. उन्हाळ्यात विटा रचायच्या, हिवाळ्यात वडिलांच्या शाळेत पर्यटकांना स्कीइंग शिकवायचं. त्याच्यावर लिहिणारे या वर्षांवरून दोन ओळींत पुढे सरकतात आणि मला ते अजिबात पटत नाही. गवंड्यांची शरीरं मी जवळून बघितली आहेत. आमच्या ओपीडीत दुखरी कंबर आणि सुजलेली मनगटं घेऊन ते येतात, पण त्यांच्या मांड्या आणि पाठ तपासताना हाताला जे लागतं ते कुठल्याही जिममध्ये तयार होत नाही. घमेलं डोक्यावर घेऊन परांचीवर चढायचं, एका हातात थापी धरून तासन् तास अर्धवट वाकून उभं राहायचं, पाय कुठे टेकलाय ते न बघता तोल सांभाळायचा. मायरच्या मांड्या पुढे जगभर प्रसिद्ध झाल्या. त्याचा पाया त्या बांधकामांवर घातला गेला असं मी ठामपणे मानते.

स्थानिक शर्यती तो जिंकत होता, तरी ऑस्ट्रियाच्या संघात त्याला कोणी विचारत नव्हतं. ऑस्ट्रियात स्कीइंगचं वेड म्हणजे आपल्याकडच्या क्रिकेटच्या वेडाएवढं. दारात रांग लागलेली असताना तेवीस वर्षांच्या गवंड्याकडे कोण बघणार? स्कीइंगचा विश्वचषक म्हणजे हिवाळाभर गावोगाव होणाऱ्या शर्यतींची मालिका. जानेवारी 1996 मध्ये त्यातली जायंट स्लॅलम शर्यत त्याच्याच गावात, फ्लाखाऊला झाली. शर्यतीआधी उतार नीट आहे ना हे बघायला दोन-चार जणांना सोडतात. त्यांची वेळ नोंदतात, पण निकालात धरत नाहीत. मायर त्यांच्यातला एक होता. त्याची वेळ निकालाशी ताडून पाहिली तर तो बारावा आला असता! त्यानंतर मात्र कोणाला दुर्लक्ष करता आलं नाही. त्याच वर्षी विश्वचषकाच्या एक पायरी खालचा युरोप चषक त्याने जिंकला, आणि फेब्रुवारी 1997 मध्ये गार्मिशला सुपर-जीमध्ये विश्वचषकातला पहिला विजय मिळवला.

या खेळाचे प्रकार इथे सांगायला हवेत, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही. डाउनहिल सगळ्यांत वेगवान. वेग ताशी 130 किलोमीटरच्या वर जातो, पण आधीच्या दिवसांत त्याच उतारावर सराव करायला मिळतो. जायंट स्लॅलममध्ये वेग कमी आणि वळणं जवळजवळ, दोन फेऱ्या होतात, दोन्ही वेळांची बेरीज करतात, आणि विश्वचषकात दुसऱ्या फेरीत पहिले तीसच जाऊ शकतात. सुपर-जी या दोघांच्या मधला. वेग डाउनहिलच्या जवळचा, वळणं मोठी, फेरी एकच आणि सराव अजिबात नाही. सकाळी उतारावरून हळूहळू खाली येत गेट, म्हणजे ज्यांमधून जावं लागतं ते खांब, बघून घ्यायचे, डोक्यात रेघ आखायची आणि नंतर त्या रेघेवर स्वतःला झोकून द्यायचं. मायर सुपर-जीचा राजा होता. त्याच्या विश्वचषकातल्या 54 विजयांपैकी 24 या एका प्रकारातले आहेत.

फेब्रुवारी 1998. मी फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला होते. लालबागच्या आमच्या चाळीत केबल नुकती घरोघर आली होती आणि धाकटा भाऊ क्रिकेट शोधत चॅनल बदलत असताना जपानमधलं ते पडणं पडद्यावर आलं. हाकुबाचा डाउनहिलचा उतार. सातव्या गेटापाशी मायर हवेत उडाला, पूर्ण आडवा झाला, खांद्या-डोक्यावर आपटला आणि दोन संरक्षक जाळ्या फोडून पलीकडे गेला. त्या आठवड्यात आमचं मणक्याच्या दुखापतींचं प्रकरण शिकवून झालं होतं. तो उठणार नाही असंच मी धरून चालले होते. तो उठला. बर्फ झटकला आणि चालत निघाला.

हवामान बिघडल्यामुळे सुपर-जी पुढे ढकलली गेली आणि त्याला थोडी उसंत मिळाली. खांदा ठेचलेला, गुडघा मुरगळलेला. तीन दिवसांनी, 16 फेब्रुवारीला सुपर-जीचं सुवर्ण. 19 तारखेला जायंट स्लॅलमचं सुवर्ण. लोक याला चमत्कार म्हणतात. मी म्हणेन की मऊ बर्फाने आणि त्याच्या मानेच्या स्नायूंनी त्याला वाचवलं, आणि पावसा-धुक्याने मिळालेले दिवस कामी आले. तेवढी सूज उतरायला तेवढा वेळ लागतोच.

पुढच्या तीन हंगामांविषयी थोडक्यात सांगते, कारण जिंकत राहणाऱ्या माणसाबद्दल सांगण्यासारखं फार नसतं. 1999 मध्ये अमेरिकेतल्या व्हेलला जागतिक स्पर्धेत (ही विश्वचषकाहून वेगळी) दोन सुवर्णं. 1998, 2000 आणि 2001 मध्ये विश्वचषकाचं सर्वंकष विजेतेपद, म्हणजे हंगामातल्या सगळ्या प्रकारांचे गुण मिळून पहिला क्रमांक. 1999-2000 च्या हंगामात बरोबर 2000 गुण, जिथे एका विजयाचे 100 गुण मिळतात. पुढच्या हंगामात 13 विजय. पुरुषांमध्ये एका हंगामात इतक्या शर्यती त्याआधी फक्त स्वीडनच्या इंगेमार स्टेनमार्कने जिंकल्या होत्या.

24 ऑगस्ट 2001 ला राडस्टाटजवळ त्याच्या मोटरसायकलची एका मोटारीशी टक्कर झाली. उजव्या पायाची नडगी मोडली, हाड बाहेर आलं, स्नायू चिरडले. पाय कापावा लागेल की काय इथपर्यंत वेळ आली होती. सर्जननी तासन् तास ऑपरेशन करून पाय वाचवला आणि नडगीच्या पोकळीत टायटॅनियमचा लांब रॉड घातला.

माझ्यासाठी मायरची खरी गोष्ट इथे सुरू होते. नडगीत रॉड असलेली माणसं माझं रोजचं काम आहेत. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे, सायन-पनवेल रस्ता, पावसाळ्यातले खड्डे. बहुतेक रुग्ण विशी-पंचविशीतले, बरेचसे बाईकवरून पार्सलं पोहोचवणारे. पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, बाईकवर कधी बसू?" कारण बाईकवर बसलं नाही तर घरात पैसा येत नाही. सोबत आलेल्या आईचा प्रश्न वेगळा असतो. तिला विचारायचं असतं की मांडी घालून जेवायला बसेल का, उकिडवं बसता येईल का. दोघांनाही मी तारीख देत नाही. हाड जुळण्याला त्याचा स्वतःचा वेळ लागतो. स्लॅब टाकल्यावर दिवसचे दिवस पाणी मारत बसावं लागतं, वरून सगळं सुकलेलं दिसलं तरी लगेच भार टाकत नाहीत, तसंच हे आहे. माझ्या रुग्णांपैकी जे बांधकामावर काम करतात त्यांना हे एका वाक्यात पटतं. मायरलाही पटलं असणार.

2002 चा अख्खा हंगाम त्याने गमावला. सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिकला तो नव्हता. तो नसताना त्याचाच सहकारी श्टेफान एबरहार्टर सर्वंकष विजेता झाला, आणि पुढच्या हंगामातही तोच. इथे एबरहार्टरविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. 1991 मध्ये जागतिक स्पर्धेत दोन सुवर्णं जिंकलेला हा मुलगा नंतर दुखापतींत अडकला, संघाबाहेर फेकला गेला, खालच्या पायरीवरून पुन्हा चढून आला, आणि आला तेव्हा समोर मायर उभा. नागानोत जायंट स्लॅलममध्ये मायरला सुवर्ण, एबरहार्टरला रौप्य. सॉल्ट लेकमध्ये त्याच जायंट स्लॅलमचं सुवर्ण अखेर त्याने जिंकलं, तर लोक म्हणाले की मायर नव्हता म्हणून. मला हे फार अन्यायाचं वाटतं. ज्या उतारावर जो उभा असतो तो त्याच उतारावरच्या लोकांना हरवतो.

मायर तेव्हा सायकल चालवत होता. जागच्या जागी चालवायची, व्यायामशाळेतली सायकल. ओबरटाउअर्नला हाइनरिश बेर्गम्युलर नावाच्या प्रशिक्षकाकडे तो आधीपासून तयारी करायचा. त्यांची पद्धत म्हणजे भरपूर, सावकाश सायकल आणि रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे स्नायूंवर जोर पडला की रक्तात वाढणारं द्रव्य, मोजत मोजत ठरवलेला वेग. स्नायू दमून तुटेपर्यंत ताणायचाच नाही, खालचा दमसास इतका वाढवायचा की वरचा जोर त्यावर आपोआप उभा राहील. मोडलेल्या पायासाठी याहून चांगलं दुसरं काही नाही. सायकलवर पायाला वजन पेलावं लागत नाही पण गुडघा आणि घोटा फिरत राहतो, मांडीचा स्नायू सुकत नाही, रक्त खेळतं राहतं. आमच्याकडेही कोपऱ्यात एक जुनी सायकल आहे. रुग्णांना ती कंटाळवाणी वाटते. त्यांना वजनं उचलायची असतात, धावायचं असतं, मोबाइलवर पाहिलेले व्यायाम करायचे असतात. मी त्यांना सायकलवर बसवते आणि हेरमान मायरचं नाव सांगते.

विक्रोळीचा एक मुलगा होता, रॉड घालून तीनेक महिने झालेले. तो एकदा चिडून म्हणाला, "मॅडम, तो परदेशातला चॅम्पियन. त्याला काय, बसल्या जागी सगळं मिळत असेल."

"सगळं मिळालं असेल," मी म्हटलं, "पण पेडल त्यालाच मारायला लागलं ना?"

तो काही बोलला नाही. पेडल मारत राहिला.

पण त्याच्या बोलण्यात खरं होतंच. मायरच्या मागे एका श्रीमंत देशाचं स्कीइंग खातं होतं, उत्तम सर्जन होते, पगाराची चिंता नव्हती. माझ्या मुलांना दीड महिन्यात कामावर बोलावणं येतं. म्हणून इच्छाशक्तीचं भाषण मी कोणालाच देत नाही. मायरकडून मी उचलते तो क्रम. कुठली गोष्ट आधी परत आली आणि कुठली सगळ्यांत उशिरा आली, हे त्याच्या निकालांत जितकं स्वच्छ दिसतं तितकं मला कुठल्या पाठ्यपुस्तकातही सापडलं नाही.

पुनरागमनाची पहिली शर्यत जानेवारी 2003 ची, स्वित्झर्लंडमधल्या आडेलबोडेनला, जायंट स्लॅलम. अपघाताला जवळजवळ सतरा महिने झाले होते. पहिल्या फेरीत तो 31 वा आला. दुसऱ्या फेरीत तीस जणच जातात, म्हणजे एका क्रमांकाने बाहेर. आणि दोनच आठवड्यांनी, 27 जानेवारीला, किट्सब्यूलला घरच्या गर्दीसमोर सुपर-जी जिंकली. पुढच्या महिन्यात सेंट मोरिट्झच्या जागतिक स्पर्धेत सुपर-जीचं रौप्य, अमेरिकेच्या बोडी मिलरबरोबर विभागून. सुवर्ण एबरहार्टरला मिळालं, आणि त्या दिवशी मायर उतारावर होता.

एकाच माणसाचा एकाच महिन्यात एका प्रकारात 31 वा आणि दुसऱ्यात पहिला क्रमांक. का? सुपर-जीत वळणं लांब असतात, पायावरचा भार चढत जातो आणि उतरत जातो. निम्मं काम डोळे, डोकं आणि हिंमत करतात, आणि त्याच्या या तिन्ही गोष्टींना टक्कर लागलीच नव्हती. जायंट स्लॅलममध्ये एका वळणातून सावरायच्या आत पुढचं वळण येतं. दर वळणाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार एकट्या बाहेरच्या पायावर पडतो. स्कीचा बूट कडक कवचासारखा असतो आणि नडगी त्याच्या पुढच्या बाजूवर जोरात दाबल्याशिवाय स्की वळतच नाही. त्याचं मोडलेलं हाड, शिवलेली कातडी, दुखावलेल्या नसा नेमक्या तिथेच होत्या. घोटा पूर्ण वाकला नाही, नडगीला स्पर्श नीट कळला नाही, तर मेंदूला बर्फाची बातमी उशिरा पोहोचते. शर्यतीत सेकंदाच्या शंभराव्या भागालाही किंमत असते.

माझे रुग्ण सपाट रस्त्यावर झपाझप चालायला लागतात आणि दादर स्टेशनच्या पुलावरून उतरताना कठडा धरतात. चढताना धरत नाहीत. उतरताना गुडघा वाकवून, घोटा मुडपून, सगळं वजन हळूहळू खाली सोडावं लागतं, आणि ते शेवटी येतं. घरच्यांना वाटतं पोरगा बरा झाला, आता नाटकं करतोय. तेव्हा मी त्या घरच्यांना बसवून आडेलबोडेन आणि किट्सब्यूल समजावून सांगते. अगदी खरं सांगते, सुनेच्या पायासाठी आलेल्या एका सासूबाईंना हे कोणाहीपेक्षा लवकर कळलं.

2003 च्या उन्हाळ्यात पॅरिसला टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीची शताब्दी शर्यत सुरू झाली. पहिल्या दिवसाच्या छोट्या टप्प्यात स्पर्धकांच्या आधी मायरने तो मार्ग सायकलवर पार केला, निकालाबाहेरचा पाहुणा म्हणून. फ्लाखाऊला सुरुवात झाली होती ती अशीच, सगळ्यांच्या आधी आणि यादीत नाव नसताना.

2004 मध्ये तो चौथ्यांदा सर्वंकष विजेता झाला. मोजक्या गुणांनी मागे राहिलेला एबरहार्टर त्या हंगामानंतर थांबला. 2006 च्या तुरिन ऑलिंपिकला मायर 33 वर्षांचा होता. सुपर-जीत रौप्य, जायंट स्लॅलममध्ये कांस्य. शेवटचा विजय नोव्हेंबर 2008 मध्ये कॅनडातल्या लेक लुईसला, पुन्हा सुपर-जी, छत्तिसाव्या वाढदिवसाच्या आठवडाभर आधी. 54 पैकी 13 विजय अपघातानंतरचे आहेत. ऑक्टोबर 2009 मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली.

आकडे मांडताना लोक किट्सब्यूलचं नाव घेतात, कारण ती वेळ नाट्यमय होती, गर्दी वेडी झाली होती, आणि मीही ती क्लिप कितीदा तरी पाहिली आहे. पण मला विचाराल तर अपघातानंतरची त्याची सगळ्यांत मोठी शर्यत फेब्रुवारी 2005 ची आहे. बोर्मिओची जागतिक स्पर्धा, जायंट स्लॅलम, दोन फेऱ्या. सुवर्ण मायरला, रौप्य त्याच्याच संघातल्या बेन्यामिन राइशला. टक्करीला साडेतीन वर्षं होऊन गेली होती. सुपर-जीतलं बळ दोन आठवड्यांत परत मिळालं असं जगाला दिसलं होतं, पण नडगीचं बळ परत यायला इतका काळ लागला.

इंटरनेटवर त्या शर्यतीचे तुकडे मिळतात. बघाल तर वेग बघू नका, वेळही बघू नका. डावीकडचं वळण आलं की बाहेरचा पाय उजवा असतो आणि सगळं वजन त्याच्यावर येतं. तेव्हा उजवा गुडघा किती खोल वाकतो आणि नडगी बुटाला किती न घाबरता दाबते, तेवढं बघा.